गाडीची बॉडी उचलली तो शनिवार

गारा पडायला लागल्या तेव्हा सोल्वे टॉर्गर्सन गाडीखाली होती.

जमिनीवर जुनं गोणपाट टाकून ती पाठीवर झोपली होती आणि एका गंजलेल्या बोल्टशी तिची केव्हाची हुज्जत चालली होती. बाहेर बीटाच्या शेतांवर आभाळ जांभळं झालं, वारा एकदम पडला, आणि मग गॅरेजच्या छपरावर असा काही दणका सुरू झाला की तिला स्वतःचं पुटपुटणंही ऐकू येईना. त्या दणक्यातच एक मोटरसायकल फाटकातून थेट गॅरेजात शिरली.

"कुणी आहे का?" पुरुषी आवाज. "गारा थांबेपर्यंत जरा उभा राहू?"

"राहा की," ती गाडीखालून म्हणाली. "आणि उभेच राहणार असाल तर तो पाना द्या. तो नाही... त्याच्या शेजारचा."

"मी कुठला उचलला ते तुम्हाला दिसलं तरी का?"

"सगळे तोच उचलतात."

वरून हसू आलं. मग पाना घेतलेला एक हात खाली आला. ओला, लांब बोटांचा, मनगटावर ठिणग्यांचे बारके बारके डाग. सोल्वेनं पाना घेतला, पण नजर हातावर अंमळ जास्तच रेंगाळली. बोल्ट तेवढ्यात सुटला. जणू तोही बघत होता!

ती सरपटत बाहेर आली. नाकावर गंज, केसांत गंज. समोर उंच, सावळा मुलगा, पापण्यांवरून पाणी ठिबकतंय आणि शर्टाच्या कॉलरमध्ये वाटाण्याएवढी एक गार अडकून बसलेली.

"मला वाटलं, कुणी मेकॅनिक बुवा..." तो अडखळला.

"सगळ्यांना तसंच वाटतं," ती म्हणाली. मग चार माणसांत वाढलेल्या मुलीनं विचारायचं ते तिनं विचारलं, "कॉफी घेणार?"

"हो. द्या ना!"

सोल्वे तशीच उभी राहिली.

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. मिनेसोटाच्या आमच्या त्या कोपऱ्यात कॉफीला पहिल्यांदा कुणी हो म्हणत नाही. पहिल्यांदा म्हणायचं, "नको, आत्ताच झाली." दुसऱ्यांदा, "कशाला उगाच तुम्हाला त्रास?" मग विचारणाऱ्यानं तिसऱ्यांदा आग्रह करायचा, आणि आपण जिवावर आल्यासारखं म्हणायचं, "बरं, अर्धाच कप." मग तीन कप प्यायचे. जमीन विकत घेणं असो की लग्न जमवणं असो, सगळं ह्याच वळणानं जायचं. सोल्वेची आई लव्हॉन तर सोल्वेच्या बाबांबद्दल, आर्विडबद्दल, नेहमी म्हणायची, "ह्यांनी दुसऱ्यांदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आधी सगळा गहू पेरून काढला. मी आपली खिडकीत!"

आणि हा मुलगा... हो, द्या ना!

त्याचं नाव साल्वातोर पेत्रिलो, सगळे सॅल म्हणायचे. न्यू जर्सीचा. बीटाच्या साखर कारखान्याच्या नव्या टाकीचं वेल्डिंग करायला ठेकेदाराच्या टोळीबरोबर उन्हाळ्यापुरता आला होता. त्यानं कॉफी घेतली, रुबार्बच्या आंबट देठांच्या गोड पायचे दोन तुकडे न लाजता खाल्ले, आणि गारा थांबून ऊन पडलं तरी त्या गाडीभोवती फिरतच राहिला.

गाडी होती एक्कावन्न सालची, टप उघडणारी, एके काळी फिकट हिरवी. आर्विडनं ती तरुणपणी घेतली, लव्हॉनला शेजारी बसवून तळ्यापर्यंत हिंडवली. मग शेत वाढलं, मुलगी झाली, गाडी कोठारात गेली. "येत्या हिवाळ्यात करतो," असं म्हणता म्हणता आर्विडच्या खुब्यानं दगा दिला. सोल्वे कॉलेज संपवून गावच्या शाळेत वाचनालय सांभाळायला आली, आणि १९८३च्या त्या उन्हाळ्यात तिनंच पाना हातात घेतला. बॉडी चासीवरून पूर्ण उचलायची, खालचा सांगाडा उघडा करून धुवायचा, घासायचा, रंगवायचा.

सोल्वेचा स्वभाव ह्या कामाला अगदी लागू. जगातल्या प्रत्येक वस्तूचं खाली पडणं तिला आधीच दिसायचं. गाडी जॅकवर असली तरी ती खाली लाकडी ठोकळे सरकवायची आणि ठोकळ्यांना हलवून बघायची. सोडवलेले बोल्ट केकच्या ट्रेमधल्या खळग्यांत, ज्या जागेचे त्या क्रमानं. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये रबराच्या गाद्या असतात, त्यांच्या खालच्या चकत्यासुद्धा तिनं दोऱ्यात ओवून ठेवल्या होत्या.

"बॉडी उचलणार कशानं?" सॅलनं विचारलं.

"माणसांनी. शेजारी येतील."

"आणि दारांच्या जागांना आडव्या पट्ट्या कोण मारणार? वर पक्कं छप्पर नाही. अशीच उचलली तर मधून वाकेल. मग दारं जन्मात बसायची नाहीत."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "वेल्डर शोधतेय."

तो गालातल्या गालात हसला. "सापडला?"

"बघते. गारांबरोबर एक पडलाय."

मग दर शनिवारी फाटकाशी मोटरसायकल वाजू लागली.

वेल्डिंग चालू असताना सोल्वे पाण्याची बादली धरून त्याच्या मागे उभी राहायची. तो चेहऱ्यावरचा मुखवटा वर करून वळायचा.

"इतकी जवळ का उभी राहतेस?"

"ठिणगी पडून आग लागली तर?"

"लोखंडाला?"

"तुझ्या शर्टाला."

"म्हणजे काळजी शर्टाची?"

"शर्ट माझ्या आईनं शिवून दिलाय ना परवा. तिची मेहनत वाया जाईल." असं म्हणून ती बादलीतल्या पाण्याकडे बघत राहायची. पाण्यात तिचे लाल झालेले कान दिसायचे.

एकदा त्यांनी मागची बैठक काढली. खाली पीचची वाळकी बी निघाली, नाचाच्या हॉलचं तिकीट निघालं, आणि एक केसांची पिन. चांदीची, टोकाला निळा खडा. लव्हॉननं ती चष्मा लावून उजेडात धरली.

"ही माझी नाही."

दाराशी खुर्ची टाकून बसलेला आर्विड खाकरला. "माझ्या बहिणीची असेल."

"तुमच्या बहिणीचे केस मुलासारखे कापलेले होते, आर्विड."

"मग... आधीच्या मालकाच्या बहिणीची."

"बरं," म्हणून लव्हॉननं ती पिन स्वतःच्या अंबाड्यात खोचली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आर्विड बराच वेळ त्या अंबाड्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तिचीच आहे. तळ्यावरून येताना हरवली होती. रडली होती तेव्हा. आता विसरली..." सॅल आणि सोल्वेनं एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांनी एकाच वेळी नजर खाली नेली.

ऑगस्ट सरत आला. गहू कापून झाला, हवेत पेंढ्याचा गोडसर वास भरून राहिला. पुढची मडगार्डं, काच, दारं, बैठका सगळं निघालं होतं. बॉडी नुसती पोकळ उरली होती, दारांच्या जागी सॅलच्या आडव्या पट्ट्या. बॉडी उचलायचा शनिवार ठरला. त्याच्या आदल्या शनिवारी काम आटोपल्यावर दोघं त्या पोकळ बॉडीत उलट्या बादल्या टाकून बसले होते, जणू गाडी चाललीच आहे. ऊन तिरपं झालं होतं. सॅल समोर बघत होता, जिथं काच नव्हती तिथून.

"टाकी पुरी होत आलीय," तो म्हणाला. "टोळी वायोमिंगला चाललीय. नवं वीजकेंद्र. पुढच्या रविवारी सकाळी निघायचं."

"अच्छा..." हे पडणं सोल्वेला आधी दिसलं नव्हतं. ठोकळे लावायला वेळच मिळाला नाही.

तो तिच्याकडे वळला. हात पँटला पुसले. "सोल्वे, माझ्याबरोबर येशील? म्हणजे... लग्न करून. मला सरळच विचारता येतं."

ती बादलीवरून अर्धी उठली. आणि तोंडातून, वाढताना जे अंगात मुरलं होतं ते, आपोआप, नम्रपणे बाहेर पडलं.

"नको रे... उगाच कशाला तुला त्रास."

सॅलनं पुन्हा समोर पाहिलं. मग मान हलवली. "बरं." तो उतरला, हत्यारं पुसून जागेवर ठेवली, एकेक करून, आणि नेहमीपेक्षा सावकाश मोटरसायकल ढकलत फाटकापर्यंत गेला.

"पुढच्या शनिवारी येतो," तो वळून म्हणाला. "बॉडी उचलायला येतो म्हटलंय, तर येईन."

सोल्वे घरात आली ती तरंगतच.

"विचारलं त्यानं!"

लव्हॉननं कणकेचे हात तसेच धरले. "काय म्हणालीस?"

"नको म्हटलं."

"शाब्बास! आता दुसऱ्यांदा विचारेल."

सोमवारी त्यानं विचारलं नाही. मंगळवारी ती टपालाच्या निमित्तानं कारखान्यावरून गेली. तो टाकीभोवतीच्या उंच परांचीवर होता, त्यानं हात हलवला, बस. बुधवारी फोन वाजला, तर शेजारचा हार्लन, उचलायला किती माणसं लागतील विचारत होता. गुरुवारी सोल्वे गाडीखाली गेली. काय काय सुटायचं राहिलंय ते बघायचं होतं. ती नुसतीच वर बघत पडून राहिली आणि तशीच बाहेर आली.

शुक्रवारी ताटं पुसता पुसता लव्हॉनचा हात थांबला.

"सोल्वे... त्याला कॉफी विचारली की तो काय म्हणतो?"

"हो म्हणतो."

"पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच."

"आणि नकोच असली तर?"

"तर नको म्हणतो. आणि खरंच घेत नाही."

दोघी मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"अगं बाई," लव्हॉन म्हणाली. "त्याला वाटतंय तू नको म्हणालीस!"

"मीच सांगू त्याला?"

"आपण होऊन? मुलीनं?" लव्हॉननं ताट पुन्हा पुसलं. कोरडंच होतं ते. "मला नाही गं माहीत. माझ्या वेळी गहू पेरून झाला की यायचे."

शनिवारी सकाळपासून माणसं जमली. ट्रकमधून, ट्रॅक्टरवरून, कुणी चालत. बायकांनी अंगणातल्या टेबलावर रुबार्बचे पाय, लोणची, खिमा-बटाट्याची भांडी मांडली. गावच्या चर्चचे पास्टर नीगार्ड बाह्या सरसावून आले. हार्लननं कोठारातून दोन लांब तुळया आणल्या. त्या बॉडीखालून आरपार घालायच्या, दोन्ही बाजूंनी माणसांनी उचलायचं, चाकांवरची चासी मागून ओढून काढायची, आणि बॉडी लाकडी घोड्यांवर, म्हणजे चार पायांच्या उंच टेकूंवर, टेकवायची. इतकंच. सॅलही आला. सगळ्यांशी हात मिळवले. सोल्वेशी बोलताना त्याची नजर तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी होती.

"उचलल्यावर खाली कुणीही हात घालायचा नाही," सोल्वेनं बजावलं. "पायही नाही. काहीही पडलं तरी."

"घोडे आहेत, ठोकळे आहेत, पास्टर आहेत," हार्लन म्हणाला. "आता आणखी काय बाई!"

आर्विडनं खुर्चीतून इशारा दिला. माणसं वाकली, कण्हली, आणि गाडी... उठली. आधी कुरकुर, मग रबराच्या गाद्या चिकटलेल्या सुटल्याचे बारीक चटचट आवाज, मग एकदम हलकी. सगळ्यांच्या तोंडून आपसूक "हो!" आलं.

आणि पुढचा कोपरा अडला.

बॉडी तिरपी झाली. इंजिनामागे तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी ताणून उभी होती. इंजिनाला बॉडीशी जोडणारी, विजेची. ती सोडायची राहून गेली होती. सोल्वेच्या हाताखालून! गुरुवारी ती नेमकी तिच्याच खाली पडून वर बघत होती.

"एक मिनिट, तोडतो मी," म्हणत सॅलनं कात्री घेतली आणि फटीत कोपरापर्यंत हात घातला.

"हात काढ!"

अंगणातली सगळी डोकी वळली. एवढ्या मोठ्यानं सोल्वे टॉर्गर्सन कधी कुणावर ओरडली नव्हती.

"झालंच, एकच..."

"सॅल, हात काढ आधी! आत्ता!"

त्यानं हात काढला. तिनं ठोकळे उचलले, सरकवले, हलवून पाहिले. माणसांना जरा टेकू दिलं. मग लांब दांड्याच्या कात्रीनं बाहेरूनच ती पट्टी तोडली.

पुन्हा उचललं. ह्या वेळी बॉडी सरळ वर आली. सोल्वे आणि सॅल मागे जाऊन उघड्या चासीला धरून ओढू लागले. चाकं कुरकुरली, चासी निम्मी बाहेर आली.

"तुझा हात गेला असता तर?" ती दात आवळून म्हणाली.

"उद्या तर मी जातोच आहे," तो तितक्याच हळू म्हणाला. "हातासकट."

सोल्वेनं ओढायचं थांबवलं.

चासी निम्मी बाहेर, निम्मी आत. वर बॉडी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना अर्धं गाव तोंडं लाल करून उभं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाच्या हातातलं ओझं दिसलं नाही.

"मी नको म्हणाले ना," ती म्हणाली, "ते नको नव्हतं."

"काय?"

"ते... पहिलं नको होतं."

सॅल बघतच राहिला. "पहिलं? आणखी असतात?"

"आणखी एक असतं," तुळईखालून हार्लन म्हणाला. "मग हो. आणि पोरी, आमच्या हातात काय आहे ते जरा बघशील का?"

"पण तू पुन्हा विचारलंच नाहीस!" सोल्वेचा आवाज फुटला. "मी आठवडाभर फोनपाशी..."

"मुलगी नको म्हणाल्यावर पुन्हा विचारू? माझ्या आईनं लाटणं घातलं असतं डोक्यात!" तो तिच्याकडे एक पाऊल सरकला. "मी आठवडाभर त्या टाकीवर बसून... सोल्वे, आमच्यात नको म्हणजे नको गं. तुमच्यात खरंच नको असेल तर म्हणता तरी काय?"

"तेव्हा 'बघू या' म्हणतो," खुर्चीतून आर्विड म्हणाला.

"बाबा!"

"मी आपलं त्याला सांगितलं."

सोल्वेनं चासीवरचा हात उचलला. तळव्यावर गंजाचा तांबडा पट्टा उमटला होता. समोर आई सुरी तशीच हातात धरून उभी होती. पलीकडे बीटाची हिरवी शेतं, जन्मापासून पाहिलेली, अगदी आभाळाला टेकेपर्यंत. ती सोडायची म्हणजे... तिनं श्वास घेतला.

"तू आता विचारू नकोस," ती म्हणाली. "मीच सांगते. मला तुझ्याबरोबर यायचंय. लग्न करून. वायोमिंगला, नाहीतर जिथं टाकी असेल तिथं. आणि तू नको म्हणालास, तर मी ते एकदाच ऐकेन आणि नको असंच समजेन."

सरळ बोलणारा मुलगा, आणि वाचाच बसली. पापण्या ओल्या, गारांच्या दिवशी होत्या तशा, फक्त आज ऊन होतं.

"बाळा," पास्टर नीगार्ड कण्हत म्हणाले, "तू हो म्हणालास तर लग्न मी फुकटात लावतो. नाही म्हणालास तरी माझी हरकत नाही. पण जे काय म्हणायचं ते म्हण रे, माझी कंबर गेली..."

"ओढ," सॅल सोल्वेला म्हणाला. "ओढ आधी, मग मला तुला मिठी मारायचीय."

चासी अशी सुसाट बाहेर आली की अंगणातली कोंबडी उडाली. घोडे लागले, बॉडी टेकली, माणसांनी हात झटकले, आणि मग जो गलका झाला त्यात सॅल काय म्हणाला ते फक्त सोल्वेला ऐकू आलं. तिनं ते कुणाला कधी सांगितलं नाही. गावानं आपापल्या परीनं निरनिराळं ठरवून टाकलं.

खाणंपिणं आटोपल्यावर लव्हॉन त्या उघड्या चासीपाशी येऊन उभी राहिली. दोन लांब लोखंडी पट्ट्या, इंजिन, चार चाकं, हवेत उभा स्टिअरिंगचा दांडा.

"हीच ती?" ती म्हणाली. "एवढ्यावर आपण तळ्यापर्यंत जायचो?"

"एवढ्यावरच," आर्विड म्हणाला. त्यानं तिच्या अंबाड्यातल्या निळ्या खड्याकडे पाहिलं. "बॉडी परत कोण बसवणार आता? ही तर चालली."

"नाताळात येऊ, बाबा," सोल्वे म्हणाली.

"नाताळात बोल्ट गारठतात." तो काठीनं चाक टोकरत राहिला. "वसंतात या. मी तोवर रंगवून ठेवतो. आणि सॅल, उद्या तू एकटाच जा. तिचं लग्न आमच्या चर्चमध्ये होईल, मग ती येईल. मला दोन-चार आठवडे तरी दे."

"देतो," सॅल म्हणाला. लगेच, एका दमात.

आर्विडनं डोळे बारीक केले. मग पहिल्यांदाच त्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला.

चासी धुवायला उतारावरून खाली कोठारापाशी न्यायची होती. हार्लननं तिच्यावर आडवी फळी टाकली, कुणीतरी स्टिअरिंगचं चक्र परत बसवलं. सोल्वे बसली, सॅल शेजारी. ती खाली वाकून हातब्रेक ओढून बघू लागली.

"बघितलास मघाशी," सॅल म्हणाला.

"पुन्हा बघते."

मागून सगळ्यांनी ढकललं. चाकं फिरली. त्यांच्या पायाखाली ना फरशी, ना बॉडी, नुसती खडीची वाट, मग गवत, मग सांडलेले गव्हाचे दाणे, सगळं पळत पळत मागे जाऊ लागलं. वारा थेट अंगावर. लव्हॉन अंगणातून ओरडत होती, "पाय वर घ्या! अगं, पाय वर घे सोल्वे!"

सोल्वेनं पाय वर घेतले. चासी उताराला लागली. तिनं स्टिअरिंगवरचा एक हात काढला, न बघताच सॅलचा हात शोधला आणि घट्ट धरला. एका हातानं गाडी चालवू नये, हे ती सगळ्यांना नेहमी बजावत आलेली होती.